पाच सायकली आणि पोळ्याची वेठ

काळ्या मातीच्या वाटेवर पावसात सायकल चालत नाही, हे वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. आम्ही पाचही जण वऱ्हाडातलेच. तरी त्या वाटेला लागलो. पक्क्या सडकेवरचा रपटा, नाल्यावरचा ठेंगणा फरशीपूल, पाण्याखाली गेला होता, दुसऱ्या दिवशी डोणगावच्या बाजारात मला भाषण करायचं होतं, आणि थांबायचं कसं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

भाषण वेठीवर होतं. पत्रकही मीच लिहिलं होतं. मथळा, ‘वेठ ही चोरी आहे’. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, हुकूम नागपूरहून सुटायचे, आणि त्यातल्याच कुठल्याशा हुकमाने म्हणे वेठ केव्हाच बंद झाली होती. झाली असेल, कागदावर. गावात दौऱ्यावरचा अंमलदार आला की त्याचं सामान वेशीबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी हातातलं काम टाकून डोक्यावर घ्यायचं आणि शिवेपर्यंत पोचवायचं, फुकट. शिवेवर पुढच्या गावची तशीच माणसं उभी असायची, ती तिथून उचलायची. अंमलदार बदलत, माना त्याच. मला याचा संताप यायचा, अजूनही येतो, आणि संताप आला की मी बोलतो. सोबतचे म्हणायचे, ‘संताप नसला तरी बोलतोस.’

सोबतचे म्हणजे चौघे. एक मास्तर, आमच्यात वयाने मोठे, दौऱ्याचे पुढारी. एक देऊळघाटचा मिस्त्री. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, नमाज वेळेवर पढणारा, पंक्चर वेळेवर काढणारा, आणि जिभेने आमच्यात सगळ्यात तिखट. आणि चिखलीकडचे दोघे चुलतभाऊ, जे एकमेकांशीच बोलत आणि सारखे खात. देऊळघाटहून निघालो, धाड केलं, चिखली केली, मेहकर केलं. दौऱ्याचा नियम एकच होता आणि तोही मीच घालून दिलेला: आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं नाही. पाणी मागायचं, भाकर मागायची, पण कोणाला साधी पिशवी उचलू द्यायची नाही.

तर त्या दिवशी पोळा होता आणि पहाटेपासून झड लागली होती.

काळी माती पहिल्या पाच पावलांत चाकाला लागते, दहाव्या पावलाला मडगार्डात भरते आणि पंधराव्याला चाक फिरायचं थांबतं. मग काडीने माती काढायची, आणि पुन्हा पंधरा पावलं. मिस्त्रीने पाचही सायकलींची मडगार्डं काढून कॅरियरला बांधली. त्याने पंचवीस पावलं मिळायला लागली. तासाभराने आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या.

“घरून निघालो तेव्हा आपण सायकलीवर होतो,” मिस्त्री म्हणाला, “आता सायकल आपल्यावर आहे. सैर चालूच आहे.”

हसायला येत होतं, आणि हसलं की पाय घसरत होता. चुलतभावांतला धाकटा सायकलीसकट बसला, तो उठेचना. म्हणाला, “इथं गरम आहे.” काल रात्री जिथे मुक्काम केला होता तिथे बैलांची खांदेमळणी पाहिली होती, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात ना, ती. माझा खांदा सायकलीच्या दांड्याने सोलून निघाला तेव्हा मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, “काल तुझीही मळणी करून घ्यायला पाहिजे होती. चुकलंच.”

दुपारी बाराच्या सुमारास एक नाला आडवा आला. पाणी गुडघ्यावर, गढूळ, ओढ बरीच. पलीकडच्या काठावर बाभळीखाली सहा माणसं उभी होती, डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन. आम्हाला पाहताच त्यांतली पाच जण पाण्यात उतरली, धावतच आली, आणि काही कळायच्या आत माझ्या खांद्यावरची सायकल एकाने आपल्या डोक्यावर घेतली.

मी ओरडलो, “खाली ठेवा!”

“ठिवतो ना साहेब, पार झाल्यावर.”

“साहेब कोण? आम्ही साहेब नाही!”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या अंगावर खाकी विजारी, डोक्याला टोप्या, आणि सायकली. चिखलात भिजलेला माणूस साहेब आहे की नाही हे कपड्यावरूनच ओळखायचं. आम्ही वेठीविरुद्ध बोलायला खाकी घालून निघालो होतो, आणि पहिल्याच नाल्यावर त्या खाकीने आम्हालाच वेठीचे साहेब करून टाकलं. ही चूक आमचीच.

पलीकडे गेल्यावर उलगडा झाला. सहावा माणूस गावचा कोतवाल. त्याच्याकडे यादी होती: पाच डोकी, पहाटेपासून, या नाल्यावर, कारण नाला ही दोन गावांची शिव. एक अंमलदार दौऱ्यावर येत होता. आज बैल जुंपायचा नाही म्हणून गाडी नाही. गाडी नाही म्हणून माणसं.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, “आता तू बोलणार.”

बोललोच. आज बैलाला सुट्टी आहे, त्याच्या खांद्याला लोणी लावता, त्याला पुरणपोळी घालता, त्याला हात जोडता, आणि त्याच्या जागी माणूस जुंपता! हे वाक्य डोणगावसाठी राखून ठेवलं नव्हतं, तिथेच सुचलं, आणि मला फार आवडलं. पत्रकाची एक प्रत काढली, ती हातातच लगदा झाली, म्हणून तोंडपाठ म्हटलं. माणसं ऐकत होती. नीट ऐकत होती. संपल्यावर त्यांतला एक, उंच, हाडापेराचा, पन्नाशीकडे झुकलेला, म्हणाला:

“खरं आहे बापू. पण तुम्ही साहेब नाई, हे लय वाईट झालं.”

“का?”

“साहेब असते त आमची सुटका झाली असती. आता खरा साहेब येईलोक इथंच उभं राहा लागते. आन् माह्या जोडीचा पयला पोळा हाय.”

त्याची गोष्ट त्याने चार वाक्यांत सांगितली. उभं आयुष्य तो दुसऱ्याकडे सालदार होता. दर पोळ्याला बैलजोडी धुवायची, सजवायची आणि तोरणाखालून न्यायची, ती धन्याची. यंदा पहिल्यांदा त्याची स्वतःची जोडी होती. गाईचे दोन गोऱ्हे वाढवले, यंदा औताला लावले. शिंगं रंगवून ठेवली होती, झूल बायकोने जुन्या लुगड्यांची शिवली होती. चार वाजता गावाच्या तोंडाशी बांधलेलं तोरण तुटणार आणि जोड्या त्याखालून सुटणार. तरणी जोडी, त्याच्याशिवाय कोणाचा हात सहन करत नव्हती. बायकोने दावं धरलं तर तिला घेऊन रानात जातील.

“अन् आज नाई गेली तोरणाखालून, त वर्ष गेलं,” तो म्हणाला. “पयलं वर्ष पुन्हा येते काय?”

मी कोतवालाकडे वळलो. “सोडा यांना!”

“मी कोण सोडणारा? पाच डोके पाह्यजे म्हणजे पाह्यजे. कमी भरले त माहं डोकं जाईन. मलेबी घरी पोळा हाय ना भाऊ.”

“मी त्या अंमलदाराला सांगतो!”

“सांगान तुम्ही,” कोतवाल म्हणाला, “आन् जासान सायकलीवर बसून. आम्ही गावातच राहतो.”

मी हातातला पत्रकाचा लगदा पिळला.

तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, “कोतवालसाहेब, यादीत नावं आहेत की डोकी?”

“डोके.”

“आमची किती आहेत, मोजा.”

कोतवालाने खरोखर मोजली. बोट दाखवून, दोनदा. मग तो जो हसायला लागला तो थांबेना. उंच माणूस हसला नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, आम्ही चेष्टा करतो आहोत का हे बघत. मिस्त्रीने त्याच्या डोक्यावरची खोळ उचलून आपल्या डोक्यावर घातली तेव्हा त्याला पटलं.

“पण हे आपलं वेठीविरुद्धचं...” मी म्हणालो.

“आपण जातोय ते आपण होऊन. आणि त्यांच्या जागी,” मास्तर म्हणाले. “पटत नसेल तर तू सायकली राख.”

सायकलींचाही प्रश्न होताच. ती पाच माणसं त्या घेऊन जातो म्हणाली. मी नियम काढला. उंच माणसाने हात कमरेवर ठेवले. “काऊन बे, आमचं वझं तुम्ही घ्यायचं आन् तुमचं आम्ही नाई? मंग आम्ही काय झालो?” मला मघाशी ‘बापू’ म्हणणारा माणूस आता ‘बे’ म्हणत होता. मला तो अचानक फार आवडला. नियम मोडला.

जाताना कोतवालाने त्याला थांबवलं आणि आमच्याकडे वळून एक अट घातली. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “ह्या बापूले साहेबापुढं बोलू देऊ नका. हे बोलले का साहेब विचारीन तुम्ही कोण, मंग मले ह्याइले परत बोलवा लागीन.”

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. उंच माणसानेही पाहिलं.

“नाही बोलणार,” मी म्हणालो.

“खा शपथ,” मिस्त्री म्हणाला.

“कशाची?”

“तुझ्या पत्रकाची.”

खाल्ली. पाच सायकली पाच डोक्यांवर चढल्या आणि पांदीतून पळत सुटल्या. त्यांची मागची चाकं पावसात आपली आपण फिरत होती.

आम्ही बाभळीखाली पोत्याच्या खोळी घेऊन उभे राहिलो. इतका आनंद मला कुठल्या सभेत झाला नव्हता, आणि का होतोय हे कळत नव्हतं. चुलतभावांनी कोतवालाच्या फडक्यातली भाकर संपवली. मिस्त्रीने वेठ्यासारखं उभं कसं राहायचं याची तालीम घेतली: “मान खाली. अजून खाली. तू अजूनही व्याख्यानाला उभा आहेस.”

अंमलदार अडीच-तीनच्या सुमारास आला. तट्टावर, छत्री धरून. इंग्रज नव्हे, आपलाच, जाड भिंगांचा, सर्दी झालेला. मागून शेजारच्या गावची माणसं सामान घेऊन आली, ते नाल्याकाठी ठेवलं आणि मागे न बघता पळाली. त्यांनाही पोळा होता. सामानात दोन पेट्या, वळकटी, कागदांचा गठ्ठा आणि एक जस्ताचा टब. दौऱ्यावरच्या माणसाला आंघोळीला एवढा मोठा टब लागतो, म्हणून एका माणसाची मान! माझं तोंड उघडलं. मास्तरांनी तो टब उचलून पालथा माझ्या डोक्यावर ठेवला.

तो खांद्यापर्यंत आला. आत अंधार, आणि पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की हलगीच्या आत बसल्यासारखं वाटलं. मला फक्त माझे पाय दिसत. आणि एक सांगतो, त्या वाटेवर आमच्यात डोक्यावर पाऊस न झेलणारा असा मी एकटाच होतो.

“हा नवा दिसतो,” अंमलदाराचा आवाज आला. “काय रे, नाव काय तुझं?”

मी ओठ आवळले.

“बोलत का नाही?”

“मुका आहे, साहेब,” मिस्त्रीचा आवाज. “जन्मापासून. बिचारा एक शब्द बोलला नाही आजवर.”

कोणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. धाकटा चुलतभाऊ असावा.

अर्धा कोस वाट. टबात मी डोणगावचं भाषण म्हणत गेलो, पुटपुटत, सुरुवातीपासून. पावसापुढे बाहेर काही ऐकू जात नव्हतं. माझा आवाज आत घुमून कानात परत येत होता आणि मला पहिल्यांदा कळलं की भाषण लांब आहे. ‘बंधूंनो’ तर सतरा वेळा होतं. तीन परिच्छेद मी तिथेच टबात टाकून दिले.

गाव आलं ते वाद्यांवरून कळलं. डफडी, घुंगरं, बैलांच्या गळ्यातल्या घाटी. मी टबाची कड वर करून पाहिलं. गावाच्या तोंडाशी दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण, आणि अलीकडे जोड्यांची रांग, पावसात वाफाळणारी. शिंगांचा रंग ओघळून बैलांच्या कपाळावर लाल-हिरव्या रेघा आल्या होत्या. रांगेत पुढे पाटलाची जोडी, मग मानाप्रमाणे बाकीच्या, आणि अगदी शेवटी, सगळ्यांपासून चार हात सोडून, वस्तीतल्या. त्या चार हातांवर दुसरं पत्रक लिहायचं मी तिथेच ठरवलं. आणि शेवटची जोडी त्या उंच माणसाची. पांढरी, तरणी, जमीन उकरणारी. दोन्ही दावी त्याच्या मुठीत.

वाट त्या रांगेच्या पलीकडून चावडीकडे जात होती. पोळा फुटेपर्यंत बैलांना ओलांडून कोणी जात नाही, अंमलदारही नाही. तो तट्टावरून उतरून छत्रीखाली उभा राहिला, शिंकत. आम्ही मागे, ओझी डोक्यावर.

मग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात जोड्यांपुढे उभं राहून चढाओढीने म्हणतात त्या यमकाच्या ओळी. एकाने टोला हाणला, दुसऱ्याने उलटवला, गाव हसलं, आणि झडती संपली की सगळं गाव एका घशाने ओरडतं, “हर हर महादेव!”

मीही ओरडलो. टबातून. काय आवाज झाला असेल ते मला सांगता येत नाही. तट्टू दोन पावलं मागे सरलं.

अंमलदार वळला. “हा मुका होता ना?”

मिस्त्री म्हणाला, “पोळ्याची करामत, साहेब.” पण त्याच्या आवाजातला तिखटपणा गेला होता.

अंमलदाराने जवळ येऊन टब वर केला. माझा चष्मा, खिशातला फाउंटन पेन आणि माझं तोंड पाहून त्याला कळायचं ते कळलं. “कोतवाल! ही माणसं कोण? यादीतली कुठे आहेत? बोलवा त्यांना, आत्ताच्या आत्ता!”

कोतवाल पांढरा पडला. त्याचे डोळे रांगेच्या शेवटाकडे गेले. उंच माणसाने ते पाहिलं आणि दावी मुठीत आणखी आवळली. तोरण अजून तुटलं नव्हतं. दोन झडत्या बाकी होत्या. मी चुलतभावांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर हळूच म्हणाले, “आता बोल. आणि थांबू नकोस.”

असं मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं.

मी टब खाली ठेवला, त्याच्या पुढ्यात उभा राहिलो आणि सुरू केलं. “महाशय, आपण विचारलंत आम्ही कोण. त्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही.” दिलंही नाही. आमचा दौरा कुठून निघाला, हे सांगितलं. रपटा का बुडाला, ते सांगितलं. वेठ बंद असल्याचं त्यालाच विचारलं आणि उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं की पुढचा मुद्दा काढला. टबात टाकून दिलेले तिन्ही परिच्छेद उचलून परत आणले. सतरा ‘बंधूंनो’च्या जागी सतरा ‘महाशय’. तो “ऐका, ऐका” म्हणत होता, आणि मी म्हणत होतो, “ऐकतो, पण आधी एवढं ऐकून घ्या.” मागे एक झडती संपली. मी बैलाच्या खांद्यावरच्या लोण्यापाशी आलो होतो. दुसरी संपली.

“हर हर महादेव!” आणि तोरण तुटलं.

जोड्या सुटल्या. आधी पाटलाची, मग एकदम सगळ्या, घुंगरं, चिखल, पोरं, आरडाओरडा. अंमलदार छत्री टाकून जवळच्या ओट्यावर चढला आणि त्याने मला हात देऊन वर ओढून घेतलं. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. सगळ्यांत मागून ती पांढरी जोडी आली. तो तिच्यासोबत धावत नव्हता, तिने ओढलेला उडत होता, पागोटं सुटलेलं, तोंड उघडं. तोरणाची फाटकी पानं खांबाला लोंबत होती, त्यांतलं एक डाव्या बैलाच्या शिंगाला अडकलं. गेली! खालून गेली!

मी वाक्य अर्धवट सोडून अंमलदाराच्या पाठीवर थाप मारली. त्याने पेन काढून आमची नावं मागितली. पाचही जणांनी गावासकट दिली. कोतवालावर तो गुरगुरला तेव्हा मास्तर म्हणाले, “पाच डोकी सांगितली, पाच भरली. सामान धड पोचलंय. कागदावर काय लिहिणार?” तो शिंकला. लिहिण्यासारखं त्याला काही सापडलं नाही, की शोधायचा कंटाळा आला, मला माहीत नाही.

दिवस मावळायच्या आत जोड्या दारोदार फिरतात, ओवाळून घ्यायला. आम्ही वस्तीच्या कडेला एका छपरात पुरणपोळी खात बसलो होतो, सायकली समोर रांगेने, धुऊन पुसून. उंच माणूस जोडी घेऊन तिथे आला. आभार वगैरे काही मानले नाहीत. म्हणाला, “तुम्ही जवळून पाह्यले नाई. पाहा.”

त्याने दोन्ही बैल वळवून दाखवले, एक बाजू, मग दुसरी. खूर दाखवले. वशिंड दाखवलं. मग मला विचारलं, “सांग बापू, कोणता चांगला?”

मला बैलांतलं काही कळत नाही. पण विचारलं की मी सांगतो. म्हटलं, “डावा.”

“काऊन? उजव्यात काय कमी हाय?”

“तसं नाही, पण डाव्याची शिंगं...”

“दोघंबी सारखेच हायेत! कोणालेबी विचार!” तो खरोखर चिडला. मास्तरांना विचारलं, मिस्त्रीला विचारलं. दोघेही शहाणे, “सारखेच” म्हणाले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “तू पुन्हा पाह्य. नीट पाह्य.”

मी उठून दोघांच्या मधे उभा राहिलो आणि नीट पाहू लागलो. उजव्याने मान वळवून माझ्या सोललेल्या खांद्यावरून खरखरीत जीभ फिरवली. मी किंचाळलो. छपरातली माणसं हसत सुटली, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठ्याने तो.